जागा न सोडणारा देव

देव दाखवा म्हटलं की कुठेही मूर्ती दाखवतात. मूर्ती गेली असेल तर निदान चौथरा दाखवतात. शर्कातच्या रखवालदाराने जमिनीकडे बोट केलं. आम्ही टेकाडाच्या ईशान्य टोकाला उभे होतो. पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. कडा थेट तुटलेला आणि खाली तिग्रिस, उन्हाळ्याच्या अखेरीची, वाळूचे पट्टे उघडे पडलेली. "अशूर," तो म्हणाला आणि बुटाची टाच त्याने दोनदा खडकावर आपटली. तो गावाचं नाव सांगतोय की देवाचं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. इथे ते दोन कधी वेगळे नव्हतेच.

इराकमधल्या मोसूलहून दक्षिणेला, नदीच्या पश्चिम काठाने शंभरेक किलोमीटर आलं की शर्कात गावाजवळ हे ठिकाण लागतं. वाटेत लष्करी नाके, प्रत्येक नाक्यावर पासपोर्ट, प्रत्येक पासपोर्टामागे चहा. असिरियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते पंखवाले बैल, दाढ्यांच्या वळ्या, सिंहांच्या शिकारी आणि जिंकलेल्या गावांबाहेर रचलेले मुंडक्यांचे ढीग. ते सगळं निनेवे, निमरूद आणि खोर्साबादचं. हे लोक ज्या गावातून निघाले ते गाव मात्र आज बोडकं आहे. मातीच्या लाटा, मध्ये पावसाने धुपलेला झिगुरातचा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्याचा, सुळका, नांगरल्यासारखे लांबलचक चर, आणि पश्चिमेकडे तीन कमानींचा तबिरा दरवाजा. पाहायला आलेला माणूस अर्ध्या तासात हिरमुसून परत फिरेल असा हा ऐवज. माझा मोसूलचा ड्रायव्हर सुरुवातीला गाडीतून उतरलाही नाही. (नावावरून आपले पुराणातले असुर आठवतात, पण तो दुवा कुणी पक्का सिद्ध केलेला नाही; तेव्हा त्या वाटेला जात नाही.)

मी थक्क झालो तो या देवामुळे. मेसोपोटेमियातल्या बाकीच्या देवांना घरदार होतं. निप्पूरच्या एन्लिलची बायको कोण, बॅबिलॉनचा मार्दुक कुणाचा मुलगा, इश्तारने कुणाकुणाला नादी लावलं, सगळं मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलेलं. अशूरला सुरुवातीला ना आई, ना बाप, ना बायको, ना एक धड कथा. पुढे साम्राज्य झाल्यावर त्याला एन्लिलची बायको मुल्लिस्सू जोडून दिली, कथाही उसन्या आणल्या. पण ते सगळं मागाहून आलेलं ऐश्वर्य. विल्फ्रेड लॅम्बर्ट या इंग्रज अभ्यासकाने १९८३ साली मांडलं की हा देव म्हणजे मुळात ही जागाच. पाण्यात शिरलेला हा खडक आधी पवित्र मानला गेला आणि मग त्यालाच देवपण आलं. कड्यावर उभं राहिलं की हे पटायला वेळ लागत नाही. पूर्वेला नदी, उत्तरेला नदीचा जुना फाटा, आणि त्या बेचक्यात वर उचलला गेलेला हा एकच सुळका. खालून नावेने येणाऱ्याला तो आधी दिसत असणार, देऊळ त्यानंतर.

अशा गावाला राजाची गरज नव्हती, राजा होताच. इसवी सनापूर्वी सुमारे २००० मधल्या सिलुलू नावाच्या शासकाच्या मुद्रेवर लिहिलंय की राजा अशूर आहे आणि सिलुलू त्याचा कारभारी. पुढे हेच कारभारी स्वतःला विश्वाचे राजे म्हणवू लागले, तरी राज्यारोहणाच्या विधीत पुजारी राजासमोर ओरडून सांगायचा तो मजकूर तोच: राजा अशूर आहे. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० साली अख्खं राज्य पद्मनाभाच्या पायाशी ठेवलं आणि स्वतः पद्मनाभदास झाला, ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे राजाने देवाला राज्य दिलं. इथे राज्य आधीपासूनच देवाचं होतं, माणसं नेमणुकीवर होती.

रखवालदार मला देवळामागच्या एका खोलगट जागेशी घेऊन गेला. पाहण्यासारखं काही नव्हतं, काटेरी झुडपं आणि खापरं. पण याच भागात कुठेतरी पायऱ्यांचा दरवाजा होता, गावचं न्यायासन. एरिशुम या कारभाऱ्याने, इसवी सनापूर्वी विसाव्या शतकात, तिथल्या न्यायदेवतांची नावं लिहून ठेवली, सात जणांची. आणि इथे खोटं बोलणाऱ्याचं काय होईल तेही: ओसाड जागी वावरणारं भूत त्याचं तोंड धरेल आणि डोकं मडक्यासारखं फोडेल. कोर्टात शपथ घ्यायची ती देवाच्या खंजिरावर. हे वाचताना दरारा वाटतो खरा. पण हाच एरिशुम दुसऱ्या लेखात सांगतो की सोनं, चांदी, तांबं, कथील, लोकर, बार्ली यांचा व्यापार त्याने मोकळा केला. खंजीर आणि तराजू दोन्ही एकाच देवाच्या हाती. व्यापाऱ्यांच्या गावचा देव असाच हवा.

कारण लढवय्ये होण्याआधी हे लोक पक्के व्यापारी होते. पूर्वेकडून कथील यायचं, घरोघरी बायका लोकरीचं कापड विणायच्या, आणि दोन्ही माल काळ्या गाढवांवर लादून हजारेक किलोमीटरवरच्या कानेश या गावी, आजच्या तुर्कस्तानात कायसेरीजवळ, जायचा. गाढवामागे सुमारे ६५ किलो कथील. रस्ता सहा आठवड्यांचा. कानेशच्या व्यापारी वस्तीत या लोकांच्या घरांतून २०,००० हून जास्त मातीच्या पाट्या निघाल्या. खुद्द अशूरमध्ये त्या काळातलं फारसं काही उरलं नाही, पण इथून बायकांनी लिहिलेली पत्रं तिथे जपली गेली. लमास्सी आपला नवरा पुशू-केन याला कळवते की तू गेल्यापासून दुसऱ्या एका व्यापाऱ्याने दोनदा घर बांधलं, आपलं कधी होणार? चार हजार वर्षांत या वाक्यातला जाच जराही शिळा झालेला नाही.

त्याहून मला चटका लावून गेलं ते दुसरं एक पत्र. इम्दी-इलुम हा बडा व्यापारी परमुलखात पैसा करत बसलेला. घरच्या दोघी, तराम-कुबी आणि शिमत-अशूर, त्याला लिहितात: आम्ही कौल लावला, स्वप्नं सांगणाऱ्या बायकांना विचारलं, पितरांनाही विचारलं, सगळीकडून एकच इशारा. तुला पैसा प्यारा आहे, जीव नाही. गावात ये, अशूरच्या डोळ्याला डोळा दे, आणि जीव वाचव. पत्रात गावाला नाव नाही. नुसतं "गाव". जगात गाव एकच असल्यासारखं. दर्शनासाठी परत यावं लागतं, कारण हा देव कुठे पाठवता येत नाही, त्याच्या प्रती निघत नाहीत. बाकीच्या मोठ्या देवांना चार गावी चार देवळं असायची. याचं देऊळ इथेच.

हे मोडून पाहण्याची हिंमत एका राजाने केली. तुकुल्ती-निनुर्ता पहिला. त्याने बॅबिलॉन जिंकलं, मार्दुकाची मूर्ती उचलून आणली, आणि मग नदीपलीकडे, इथून तीनेक किलोमीटर वर, स्वतःच्या नावाचं नवं शहर वसवलं. तिथे अशूरचं देऊळ आणि झिगुरात बांधलं. कड्यावरून पैलतीरी नजर टाकली की ती दिशा दिसते, टेकाड काही मला ओळखू आलं नाही. बॅबिलॉनची बखर पुढचं थोडक्यात सांगते: मुलाने आणि सरदारांनी बंड केलं, राजाला त्याच नव्या शहरात एका घरात कोंडलं आणि मारलं. इसवी सनापूर्वी १२०७ च्या सुमाराला. देवाला हलवल्यामुळेच हे झालं असं बखर म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण नंतर पाच-सहाशे वर्षांत कुणी राजा पुन्हा त्या फंदात पडला नाही. अशूर-नासिर-पाल दुसरा राजधानी निमरूदला घेऊन गेला, सारगोन खोर्साबादला, सेनाखेरिब निनेवेला. दरबार गेला, फौज गेली, खजिना गेला. देव इथेच राहिला, आणि राजे मेल्यावर परत इथेच आणले जायचे, जुन्या वाड्याखालच्या तळघरात, बेसाल्टच्या भल्यामोठ्या शवपेट्यांत.

देव जागचा हलत नाही म्हटल्यावर मुलखाला त्याच्याकडे यावं लागलं. इथे मला खरी गंमत दिसली. देवळाच्या आवारात मोठाल्या रांजणांत भरून ठेवलेलं एक दप्तर सापडलं, इसवी सनापूर्वी बारा-अकराव्या शतकातलं. तिग्लथ-पिलेसर पहिल्याच्या काळात एझ्बू-लेशिर नावाचा माणूस ते सांभाळत होता. त्याचं काम एकच: साम्राज्याच्या प्रत्येक सुभ्याकडून देवाच्या नैवेद्याचा शिधा आला की नाही हे पाहणं. बार्ली, मध, तीळ आणि फळं. फार मोठे आकडे नाहीत. कुठून किती आलं, कुणाचं किती राहिलं, मागची बाकी किती. प्रत्येक सुभ्याने थोडंथोडं द्यायचं, पण द्यायचंच, कारण देवाच्या ताटात तुमचा घास आहे की नाही यावर तुम्ही अशूरच्या मुलखात आहात की नाही हे ठरायचं. पुढे साम्राज्य भूमध्य समुद्राला जाऊन टेकलं तरी हीच पद्धत. देवळाचा पुजारी अक्कुल्लानू निनेवेच्या राजाला थकबाकीदार सुभेदारांची यादी पाठवतो. रसप्पाने दिलं नाही, अर्पादने दिलं नाही. अर्पाद म्हणजे अलेप्पोच्या बाजूला, शेकडो कोस दूर. जगातली सर्वांत भेदरवणारी सत्ता, आणि तिच्या मुळाशी ही कारकुनी: शिधा आला का?

आणि पत्रं. सारगोन दुसरा इसवी सनापूर्वी ७१४ मध्ये उरार्तूच्या डोंगरांत मोहीम करून आला, तेव्हा त्याने त्या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला तो कुणा माणसाला नाही, अशूरला. ती पाटी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सुमारे ४३० ओळी, मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. काचेपुढे मान वाकडी करून पाहिलं तरी पाटीची कड कुठे संपते ते चटकन कळत नाही. सुरुवात अगदी घरच्या पत्राची: देवांच्या बापाला कुशल असो, त्याच्या देवळातल्या देवांना कुशल असो, गावाला आणि गावच्या लोकांना कुशल असो, इकडे छावणीत सर्व ठीक. मग बर्फाच्या खिंडी, कुऱ्हाडींनी फोडलेले रस्ते, जाळलेली शिवारं, लुटलेलं मुसासिरचं देऊळ, तिथून उचलून आणलेला खाल्दी देव. आणि शेवटी आपली हानी: एक रथी, दोन घोडेस्वार, तीन पायदळाचे. सहा माणसं! देवाला लिहायचं म्हणून खोटं बोलू नये एवढं पायऱ्यांच्या दरवाजाला आठवत होतं. पण हा आकडा पत्राचा शिरस्ता असावा, हिशेब नव्हे. नऊ वर्षांनी सारगोन तबालच्या लढाईत पडला आणि त्याचं प्रेतही मिळालं नाही.

त्याचा मुलगा सेनाखेरिब याने इसवी सनापूर्वी ६८९ मध्ये बॅबिलॉन धुळीला मिळवलं. मग त्याला काय सुचलं, तर मार्दुकाची जागा अशूरला द्यावी. सृष्टीच्या उत्पत्तीची बॅबिलॉनी कथा घेतली, त्यात मार्दुकाच्या जागी अशूरचं नाव बसवलं, आणि नव्या वर्षाच्या उत्सवासाठी इथे तटाबाहेर एक उत्सवगृह बांधलं. त्या जागी खणताना जर्मन उत्खननकारांना खडकात कोरलेले खड्डे ओळीने सापडले, एकेका झाडासाठी एक. खडक फोडून बाग लावायची, पण देवाला मातीकडे न्यायचं नाही. त्या उत्सवगृहात सेनाखेरिबने बॅबिलॉनची मातीही आणून ढिगाने रचली, देवाचं मन निवावं म्हणून. एका गावाचं दुसऱ्या गावाशी वैर या थराला गेलेलं मी कुठे वाचलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे आणि ते लवकर घडलं. इसवी सनापूर्वी ६१४ मध्ये मीड लोकांनी हे गाव घेतलं, दोन वर्षांनी निनेवे पडलं. शवपेट्या फोडल्या गेल्या. त्यांचे तुकडे आता बर्लिनमध्ये आहेत.

साम्राज्य संपलं की साम्राज्याचा देवही संपावा. तसं झालं नाही. या गावाला पार्थियन काळात पुन्हा माणसं लाभली, आणि त्यांनी जुन्या जागी अशूरचं देऊळ पुन्हा उभं केलं. त्याच्या फरसबंदीवर भक्तांनी अरमाईक अक्षरांत ओरखडून ठेवलंय की अमक्याची आठवण असोर आणि शेरू यांच्यापुढे राहो. असोर म्हणजे तोच अशूर, शेरू म्हणजे त्याच्याभोवतीची जुनी देवी शेरूआ. यातले शेवटचे लेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले. म्हणजे राजे, फौजा आणि शिधा पाठवणारे सुभे जाऊन आठशे वर्षं झाली होती. कीलाक्षरी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. तरी देव होता, आणि त्याला कधीतरी जगाचा राजा म्हणत असत याचा त्या ओरखड्यांत मागमूस नाही. तो पुन्हा या गावाचा ग्रामदेव झाला होता. मला या देवाचं हेच वय सर्वांत आवडलं. साम्राज्यातला अशूर थोडा उसना वाटतो. हा फरशीवरचा असोर अस्सल.

हे सगळं उजेडात आणणारा वाल्टर आंद्रे शिकलेला वास्तुकार होता आणि हात चित्रकाराचा. १९०३ पासून १९१४ पर्यंत त्याने इथे काम केलं. दर शंभर मीटरवर एक असे लांब चर त्याने गावभर काढले. मघाशी नांगरल्यासारखं म्हटलं ते हेच. चरांच्या कडा आता विरघळल्या आहेत, पण ओळ सुटलेली नाही. तटांच्या मधल्या पट्ट्यात त्याला राजांच्या आणि अधिकाऱ्यांच्या नावांचे शिलास्तंभ रांगेने उभे सापडले. त्यात एक सम्मुरामतचा, ग्रीकांनी जिला पुढे सेमिरामिस म्हणून अफाट कथांत गुंडाळलं ती. स्तंभावर मात्र सरळ: अमक्या राजाची बायको, अमक्याची आई, अमक्याची सून. १९१४ साली आंद्रेच्या पेट्या 'चेरुस्किया' नावाच्या जहाजातून जर्मनीला निघाल्या आणि महायुद्ध पेटलं. जहाज लिस्बनमध्ये अडकलं, पोर्तुगालने ते जप्त केलं, आणि पेट्या पोर्तोच्या विद्यापीठात जाऊन पडल्या. बर्लिनला पोचायला १९२६ साल उजाडलं. जो देव तीन किलोमीटर हलायला तयार नव्हता, त्याच्या घरची भांडी अटलांटिकच्या काठी बारा वर्षं धूळ खात होती!

त्याच महायुद्धाचा मेसोपोटेमियातला शेवटचा अंक इथे झाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये शर्कातजवळ हिंदुस्थानी पलटणींनी तुर्की फौजेची वाट अडवली, आणि ३० तारखेला तुर्क शरण आले. ११४ वी मराठा पलटण या लढाईत होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या रणसन्मानांच्या यादीत 'शर्कात' हे नाव तेव्हापासून आहे. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या घरांत त्या काळी 'बसऱ्याला गेला' एवढंच म्हणत. तो माणूस पार इथपर्यंत चालत आला, हे कुणाला कळलं असेल का, कोण जाणे. मी रखवालदाराला हे ड्रायव्हरमार्फत सांगायचा प्रयत्न केला. त्याने मान डोलावली आणि सिगरेट पुढे केली. इथे येऊन लढून गेलेल्यांची त्याच्याकडे बरीच लांब यादी असणार. २०१४ ते २०१६ हे गाव आयसिसच्या ताब्यात होतं. तबिरा दरवाजाचं तेव्हा नुकसान झालं, नंतर विटा भरून कमानी सावरल्या. नवी वीट जरा पिवळी दिसते, इतकंच.

आताचं भांडण पाण्याचं आहे. खालच्या अंगाला माखूल इथे धरण बांधायचं २००२ मध्ये ठरलं. युनेस्कोने २००३ साली अशूरला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते त्याच वेळी धोक्याच्या यादीतही टाकूनच. युद्धामुळे काम थांबलं, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. पाणी चढलं तर मातीच्या विटा टिकणार नाहीत, हे सांगायला अभियंता लागत नाही. ईजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळं १९६० च्या दशकात कापून वर नेली, पण तिथे देव दगडात कोरलेले होते. इथे नेणार काय, कडा? संरक्षक भिंतीच्या गोष्टी निघतात. मला त्यांत फार दम वाटत नाही, पण मी पाहुणा. वरच्या बाजूला तुर्कस्तानात धरणं झाल्यापासून तिग्रिस आटत चालली आहे, इराकला पाणी साठवावं लागणार हेही खोटं नाही, आणि धरणाच्या पोटात जुन्या विटांबरोबर आजची गावंही जातील.

रखवालदाराला विचारलं, त्याचं मत काय? त्याने आधी खांदे उडवले. मग आम्हाला कड्याच्या बाजूने खाली नेऊन नदीकाठी त्याच्या मेहुण्याचं वांग्यांचं शेत दाखवलं. डिझेलचा पंप चालू होता. पंपापासून पाण्यापर्यंतची प्लास्टिकची नळी वाळूवरून बरीच लांब गेली होती, आणि तिच्या मध्ये दोन ठिकाणी जोड होते, तारेने आवळलेले. "धरण भरायला आधी नदी पाहिजे," ड्रायव्हरने भाषांतर केलं. एक जोड मागच्या वर्षीचा होता, दुसरा यंदाचा, आणि त्या दुसऱ्यातून पाणी गळत होतं म्हणून रखवालदार बोलता बोलता खाली बसून तार पिळायला लागला.